मदत हवी आहे: भावाच्या ब्रेन ट्यूमरच्या रिपोर्टमध्ये सिनॅप्टोफिझिन पॉझिटिव्ह, न्यूएन थोडंच

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाचं (वय 26) तीन आठवड्यांपूर्वी मेंदूचं ऑपरेशन झालं. दोन महिने सकाळी डोकं दुखायचं, उलटी व्हायची, आम्ही पित्त समजून बसलो आणि एमआरआयमध्ये लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत गाठ निघाली, पाणी अडलेलं. गाठ जवळपास सगळी काढलीये, तो चालतोय बोलतोय.

ऑपरेशन चालू असताना फ्रोझनवर (तुकडा गोठवून केलेली झटपट तपासणी) ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, म्हणजे मेंदूतल्या ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींची गाठ, वाटतोय म्हणाले, आता फायनल रिपोर्ट सेंट्रल न्यूरोसायटोमा (न्यूरॉनसारख्या पेशींची गाठ), ग्रेड 2. न्यूरॉनच्या प्रोटीन्सपैकी सिनॅप्टोफिझिन स्ट्राँग पॉझिटिव्ह, न्यूएन काही भागातच, ग्लियाची जीएफएपी आणि ऑलिग2 निगेटिव्ह, आयडीएच1 (या जीनमधला बदल) निगेटिव्ह, केआय-67 (किती पेशी वाढतायत त्याचं माप) 3 टक्के.

मला कळलंय ते असं की दोन्हीच्या पेशी मायक्रोस्कोपखाली सारख्याच दिसतात, गोल न्यूक्लियस नि भोवती मोकळी जागा, म्हणून न्यूरॉनची प्रोटीन्स शोधतात. पण न्यूएन न्यूरॉनच्याच न्यूक्लियसमध्ये असतं ना, मग ते अर्धवटच का आलं? निदान कच्चं आहे का? एक डॉक्टर रेडिएशन घ्या म्हणतात, दुसरे नुसतं स्कॅनवर लक्ष ठेवू म्हणतात. रात्र रात्र झोप नाही हो.

—

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. न्यूएन पूर्ण वाढलेल्या न्यूरॉनमध्ये दिसतं, या गाठीतल्या पेशी तेवढ्या पिकलेल्या नसतात, त्यामुळे ते थोडंच येणं किंवा अजिबात न येणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. इथे भिस्त सिनॅप्टोफिझिनवर. पण काही ऑलिगोमध्येही ते थोडंफार येतं, आणि आयडीएच1 ची अँटिबॉडी फक्त आर132एच हा एकच बदल पकडते. म्हणून 1पी/19क्यू, म्हणजे क्रोमोसोम 1 आणि 19 चे ठरावीक तुकडे, शाबूत आहेत का ते बघणारी फिश टेस्ट झालीये का विचारा. आयडीएच बदल आणि ते दोन्ही तुकडे गळलेले असल्याशिवाय ऑलिगो म्हणत नाहीत. तुमच्याकडे गाठीची जागा, वय, ऑलिग2 निगेटिव्ह, सगळं न्यूरोसायटोमाकडेच जातंय.

केआय-67 दोन-तीन टक्क्यांच्या वर गेलं की जास्त सावध राहतात, पण मोजणी लॅबगणिक बदलते. रेडिएशन ठरवताना गाठ किती उरलीये तेही बघतात, तेव्हा ऑपरेशननंतरचा एमआरआय दोघांनाही दाखवा. शंका असेल तर स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) घेऊन टाटा मेमोरियलला रिव्ह्यू करून घ्या.

—

खूप खूप आभार. फिशचा रिपोर्टमध्ये उल्लेखच नाहीये. तीन आठवडे झालेत, ब्लॉक अजून चालेल का?

—

बिनधास्त, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. रिसीट आणि बायोप्सी नंबर घेऊन जा.

—

उद्या सकाळीच जाते.