दोन मुलांचा कायदा सगळ्यांना लागू करावा का? कोल्हापूरकरांनी बोला

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)
माझं मत आधीच सांगतो: करावा. दोनपेक्षा जास्त मुलं नकोत ही अट पंचायत निवडणुकीला २००१ पासून आहे, राज्य सरकारच्या नोकरीला २००५ पासून. मग बाकीच्यांना का नको?

रविवारी पाचगावला बहिणीकडं गेलो होतो. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या घरामागं ऊस उभा असायचा. आता तिथं चार मजली इमारती आहेत. टँकरचा हॉर्न वाजला तशी बहीण हातातली भाकरी तव्यावरच सोडून पळाली. मी जाऊन बघतो तर तीस-चाळीस बॅरल ओळीनं लावलेले आणि पाइपवरून दोन बायकांची जुंपलेली. १९५१ ला देश ३६ कोटींचा होता, २०११ ला १२१ कोटींचा झाला. २०२३ मध्ये आपण चीनलाही मागं टाकलं. जमीन तेवढीच, पाणी तेवढंच. मूळ दुखणं हेच आहे आणि ते बोलायला सगळे कचरतात.

शिरोळचा शेतकरी
शंभर टक्के सहमत. आजोबांची १० एकर होती. चार भाऊ, प्रत्येकी अडीच एकर. आम्ही दोघं भाऊ, म्हणजे माझ्या वाट्याला ५० गुंठे येणार. मला दोन मुलं. पंचवीस गुंठ्यांत ऊस लावून पोरगं जगणार कसं? पोराला स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, शेती किती.

निवृत्त आरोग्यसेविका
दोघांचाही राग समजते. पण मी तीस वर्षं राधानगरी आणि पन्हाळ्याच्या वाड्यांवर फिरले आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही.

लोकसंख्या वाढली ती बायका जास्त पोरं जन्माला घालायला लागल्या म्हणून नव्हे. मरणं थांबली म्हणून वाढली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली नाही, उलट थोडी घटली, कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पुढं देवीची लस घरोघर पोचली, मलेरियाची फवारणी आली, सलाइन आलं. तरी १९७१ ला जन्मलेल्या हजार बाळांतली १२९ वर्षाच्या आत दगावत होती. २०२० ला हा आकडा २८ वर आला. पोरं जगतात याचा विश्वास बसला की बाई स्वतःहून थांबते. विश्वास बसायला मात्र एक पिढी जाते, आणि त्या मधल्या पिढीत आकडा फुगतो.

आता थांबल्यात का, तर थांबल्यात. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ ला २.०, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागतात. तुम्ही ज्याच्यासाठी कायदा मागताय, ते आपल्या राज्यात कायद्याशिवाय झालंय.

आणि कायद्याचं म्हणाल तर पात्र जोडप्यांच्या नोंदवहीतलं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. एका घरात पहिली मुलगी, दुसरी मुलगी, तिसरीचं नाव नकुशा. ती आई चौथ्यांदा गरोदर होती. मी म्हटलं, बाई, आता पुरे, हे बाळंतपण झालं की ऑपरेशन करून घे. ती म्हणाली, "ताई, मला पुरेच हाय. सासूला इचारा." दोन महिन्यांनी गेले तेव्हा ती गरोदर नव्हती. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. ते न विचारणं मला आजही खातं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. दोनच मुलांची सक्ती केली, तर दुसरं पोर मुलगाच हवा म्हणून काय काय होईल, हे मला सांगायला नको.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)
ताई, वाचून गलबलून आलं. पण दर २.० वर आला तर आकडा अजून का वाढतोय? आपल्याकडं १.७ असेल, बिहारमध्ये तीन आहे. तिथली माणसं शेवटी इथंच येतात ना?

निवृत्त आरोग्यसेविका
दादा, आज ज्या पोरी आई होतायत, त्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे तीन-साडेतीनच्या काळात जन्मलेल्या. आयाच संख्येनं जास्त आहेत. प्रत्येकीनं दोनच म्हटली तरी पाळणे जास्तच हलणार. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा की २०६० च्या दशकात आपण १७० कोटींच्या आसपास जाऊन उतरणीला लागू. आज कायदा केला म्हणून जन्मून बसलेल्या आया कमी होत नाहीत. बिहारचं म्हणाल, तर मुलगी बारावीपर्यंत शिकली आणि लग्न चार वर्षं लांबलं की तिथलाही आकडा खाली येईल. सक्तीच करायची तर ती शाळेची करा. शाहू महाराजांनी १९१७ ला या संस्थानात तीच केली होती.

शिरोली एमआयडीसी
"तिथली माणसं इथं येतात" याबद्दल दोन शब्द. माझी छोटी फाउंड्री आहे. भट्टीसमोर उभं राहणारी, मोल्डिंगवरची सगळी पोरं ओडिशा, बिहार, यूपीची. गावातल्या पोराला ऑफिसातली खुर्ची पाहिजे. छटपूजेला ही पोरं गावी गेली की भट्टी थंड. त्यांना ओझं म्हणू नका.

मंगळवार पेठ
धागाकर्त्याचा हिशेबच मला पटत नाही. २००१ ला शहराची लोकसंख्या ४.९३ लाख होती, २०११ ला ५.४९ लाख. जिल्हा दहा वर्षांत दहा टक्क्यांनी वाढला, राज्य सोळा टक्क्यांनी. माणसं एवढी वाढलेली नाहीत. वाढल्यात त्या गाड्या, आणि वाढलंय ते शहराभोवतीचं बिनआराखड्याचं बांधकाम. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी शहराला चिकटली, पण हद्दवाढ म्हटलं की दोन्हीकडून आंदोलन. मग शहराची पाइपलाइन हद्दीवर संपते आणि पलीकडं टँकर फिरतो. काळम्मावाडी धरणाचं थेट पाणी शहराला मिळायला २०२३ उजाडलं. तो उशीर काय पाळण्यामुळं झाला? २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत पाणी जिथं घुसलं, तिथं पूररेषेत परत मजले चढले. ते कुठल्या बाळानं बांधले?

शिरोळचा शेतकरी
शहराचं तुमचं तुम्ही बघा. रानाची वाटणी तर माणसांमुळंच होते ना?

वाडीवरचे गुरुजी
मी गगनबावड्याकडच्या एका वाडीवर शिकवतो. पहिली ते चौथी मिळून पट सात. पूर्वी एवढी पोरं एका बाकाभोवती असायची. जून महिन्यात मी दाखलपात्र मुलं शोधत घरोघर फिरतो आणि दारात म्हातारीच भेटते. मुलगा पुण्याला, नातवंड पुण्याला. २०११ ला राज्यात साठीपुढची माणसं दहा टक्क्यांच्या जवळ होती, आता त्याहून नक्कीच जास्त असणार. त्यांना उचलून दवाखान्यात न्यायला कोण आहे, ही माझ्या वाडीची अडचण आहे. आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांमधली दोन मुलांची अट काढून टाकली. आपण उलट्या दिशेला का धावायचं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)
गुरुजी, मंगळवार पेठ, तुमचं वाचून कायद्याचा मुद्दा मी मागं घेतो. ८३९ चा आकडा मला माहीत नव्हता. पण जास्त माणसांना जास्त पाणी लागतं हे खोटं कसं म्हणू? १७० कोटी होईपर्यंत चाळीस वर्षं काढायचीत आणि पंचगंगा आत्ताच काळी झाली आहे.

मंगळवार पेठ
लागतंच. खाणारी तोंडं चौपट झाली, तसं धान्यही १९५०-५१ च्या पाच कोटी टनांवरून २०२२-२३ ला तेहतीस कोटी टनांवर गेलं. पण ते वाढवायला उपसा केला, खतं ओतली. नदी काळी होण्यात माणसांची मोजणी कमी आणि प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी जास्त.

निवृत्त आरोग्यसेविका
एक राहिलं. देशात कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया झालेल्या बायका जवळपास ३८ टक्के, पुरुषांच्या शस्त्रक्रिया ०.३ टक्के. आणीबाणीत, १९७६-७७ ला, ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, कित्येक जबरदस्तीनं. त्या धसक्यानंतर पुरुष जे मागं सरले ते आजतागायत पुढं आले नाहीत. सगळा भार बाईच्या पोटावर. सक्तीतून उरतं ते हे.

आणि शिरोळचे दादा, राग मानू नका. आजोबांची १० एकर चार भावांत वाटली म्हणालात. आत्या किती होत्या? तुम्हाला बहिणी किती?

शिरोळचा शेतकरी
तीन आत्या. दोन बहिणी. आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. आण्णा, म्हणजे माझे वडील, आजारी आहेत, वाटणी आता आमच्यावर आली आहे. बहिणींच्या सह्यांचे कागद वकिलाकडं तयार आहेत.

रविवारी घरात बैठक आहे. दोघींना फोन करतो, कागदावर काही लिहायच्या आधी बसायला या म्हणून. पंचवीस गुंठ्यांचे किती होतील ते होतील.