मदत हवी आहे: चीनशी तूट घटली, मग अमेरिकेचं कर्ज का वाढतंय?

मंडळी, बारावीतल्या भाचीला अर्थशास्त्र शिकवताना माझाच त्रिफळा उडाला. अमेरिका चीनकडून माल घेते, चीन तेच डॉलर अमेरिकी सरकारी रोख्यांत घालतो (म्हणजे अमेरिकी सरकारला कर्जाऊ देतो), इथवर वहीत बाण काढून झाले. पण २०१८ साली चीनशी वस्तुव्यापारातली तूट (निर्यातीपेक्षा आयात जेवढी जास्त, ती रक्कम) सुमारे ४१८ अब्ज डॉलर होती, आयातशुल्कानंतर २०२४ ला २९५ अब्जांवर आली. सगळ्या देशांशी मिळून एकूण व्यापारतूट मात्र वाढलीच! चीनकडचे रोखेही २०१३ नंतर घटलेत, आता जपान पुढे आहे. तरी कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पार (शून्यं मोजतानाच दमलो).

तोच माल व्हिएतनाम-मेक्सिकोमार्गे येतो, एवढंच कारण, की मुळात अमेरिकेची बचतच कमी? कुणी सोपं करून सांगेल का? सोमवारी तिची चाचणी आहे.