फोटोच्या फिल्टरमधून नेमके काय गाळले जाते?

प्रश्न : शिक्षिका, दर्यापूर तालुका
नमस्कार. सातवीच्या वर्गात 'फिल्टर'ला मराठी शब्द विचारला, तेव्हा मुलांनी एका सुरात 'गाळणी' असे उत्तर दिले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, मग फोटोला फिल्टर लावल्यावर खाली काय पडते?" मला उत्तर सुचले नाही, कारण तिथे तर उलट रंग चढतो, डोळे मोठे होतात, कुत्र्याचे कानसुद्धा उगवतात. गाळणे, चाळणे, पाखडणे, उफणणे, निवडणे असे इतके शब्द घरात असताना त्यांतला एकही फोटोला लागू पडू नये, याचे नवल वाटते.

उत्तर : फोटो स्टुडिओ, मूर्तिजापूर
ताई, हा शब्द भिंगापुढे लावायच्या रंगीत काचेवरून आला आहे. कृष्णधवल फिल्मच्या काळात पिवळी काच लावली की ती निळा प्रकाश अडवीत असे, त्यामुळे आभाळ गडद येऊन पांढरे ढग उठून दिसत. म्हणजे तिथे खरोखरच प्रकाश गाळला जात होता. मोबाईलमधील चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टरही काही तरी गाळतोच. तो प्रत्येक ठिपक्याची शेजारच्या ठिपक्यांशी सरासरी काढतो, त्यामुळे सुरकुती, मुरूम असे बारीक तपशील जातात आणि ठळक आकार राहतात. कुत्र्याचे कान मात्र निव्वळ सोंग आहे, त्याला फिल्टर म्हणणे चूकच.
गेल्या वर्षी एका मुलीच्या बायोडेटाचा फोटो असाच साफ करून दिला, तर तिची आई दुसऱ्याच दिवशी परत आली. गालावरचा तीळ गेला होता.

उत्तर : शेतकरी, तेल्हारा
बाई, मुलांना आधी हे विचारा की हवे ते वर राहते की खाली पडते. चहा गाळताना खालचे घेतो आणि चोथा टाकतो. गहू चाळताना वरचे ठेवतो आणि माती खाली सोडतो. उफणताना तर छिद्रच नसते, ज्वारी जड म्हणून पायाशी पडते आणि भुसा वाऱ्याबरोबर जातो. आता हे सगळे थ्रेशर करतो, त्यामुळे पोरांना उफणणे ऐकूनही ठाऊक नसते.

उत्तर : खारपाणपट्ट्यातील वाचक
छिद्राच्या आकारावर सगळे ठरते असेही नाही. बांगलादेशातील गावांमध्ये जुनी सुती साडी चार घड्या करून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कॉलऱ्याचा जंतू कापडाच्या छिद्राहून कितीतरी लहान असतो, पण तो पाण्यातील ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो, ते जीव कापडात अडकतात. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र त्याच साडीच्या आठ घड्या केल्या तरी पाणी खारेच राहील, कारण विरघळलेले मीठ कापडातून सरळ जाते आणि उकळल्यानेही हटत नाही. त्यासाठी दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलणारे आरओ यंत्र लागते, आणि तेही बरेचसे खारे पाणी दुसऱ्या नळीने बाहेर टाकते.

शिक्षिका, दर्यापूर तालुका
सर्वांचे आभार. उद्या सूप, चाळणी आणि चहाची गाळणी वर्गात नेते. दादा, तो तीळ परत कसा आणला?

फोटो स्टुडिओ, मूर्तिजापूर
फिल्टरमधून गेलेला तपशील त्या फोटोतून परत काढता येत नाही, ताई. मूळ फोटो वेगळा जपून ठेवला होता, त्यावरून नवीन प्रत काढून दिली. तेवढ्याचे पैसे घेतले नाहीत.