'वेलनेस'ला मराठीत काय म्हणायचं? (कल्याण नको म्हणतायत)

धोटा
सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं परिपत्रक मराठीत करून दिलं. मूळ शब्द 'एम्प्लॉयी वेलनेस प्रोग्राम'. आत काय, तर रोज आठ हजार पावलं, सोमवारी पाळीच्या आधी योगा, साखर-बीपीची तपासणी आणि मोबाइलवर एक ॲप. मी डोळे झाकून 'कर्मचारी कल्याण उपक्रम' लिहिलं. कागद फलकावर लागला आणि जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जण एचआरच्या टेबलापाशी हजर. कँटीन कधी चालू करताय? साबण कधीपासून? मॅडमचा मला फोन, हे कल्याण तुम्ही कुठून काढलं? आता दुसरा शब्द हवाय. सुचवा.

माळढोक
निरामयता. आमय म्हणजे रोग, तो नसलेली अवस्था. अर्थ नेमका बसतो.

धोटा
मागावर उभा असलेला माणूस वाचणार आहे हो ते.

पंचिंगमशीन
मी आस्थापनेच्या बाजूचा माणूस, शिव्या खायची सवय आहे. मॅडमचं बरोबर आहे. कल्याण हा कायद्याचा शब्द. १९४८ च्या कारखाना कायद्यात (२०२५ पर्यंत तोच होता) पाचवं प्रकरण अख्खं त्याचंच होतं: हातपाय धुवायची सोय, प्रथमोपचार, बसायला जागा, अडीचशेच्या वर कामगार असले की कँटीन. कल्याण द्यावंच लागतं. वेलनेस हे त्याच्या वरचं, मालकानं आपणहून केलेलं. मागच्या शिबिरात तिशीतल्या एका पोराची साखर तीनशेच्या वर निघाली, त्याला पत्ताच नव्हता. हे वाईट आहे का? पण कल्याण म्हटलं की लगेच हक्काचा वास येतो.

कुंभारीकर
हक्काचा वास येतो म्हणूनच तर शब्द बदलायचाय ना साहेब!
फरक सरळ आहे. कल्याणात करायचं असतं मालकानं. वेलनेसमध्ये करायचं कामगारानं. चालायचं मी, गोड सोडायचं मी, ॲपवर भरायचं पण मीच. मागांच्या दोन रांगांमधनं फेऱ्या मारून आठ हजार पावलं दुपारच्या चहाच्या आत होतात, त्याला ॲप कशाला? आमचे वडील मिलमध्ये होते. घरी साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचे, नवीन शेजाऱ्यांना वाटायचं भांडण लागलंय. मागाच्या खडखडाटात कान गेलेले. त्यावर योगा नाही चालत, कानात घालायला बोळे द्यावे लागतात आणि मशीन नीट ठेवावी लागते. छातीत जाणाऱ्या कापसाच्या धुळीचंही तेच. धूळ ओढणारा पंखा हे वेलनेस की कल्याण, सांगा.

पंचिंगमशीन
पंखा त्या कायद्यात आरोग्याच्या प्रकरणात यायचा.

कुंभारीकर
आलंच मग. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात.

पद्मशाली_पोरगं
मला वेगळंच हसू येतंय. आमच्या तेलुगूत कल्याणम् म्हणजे लग्न. 'कर्मचारी कल्याण' वाचून आमच्या अव्वानं विचारलं असतं, कुणाचं ठरलं बे? आणि वेलफेअरला संक्षेमम् म्हणतात. मराठीत क्षेम आहेच की. 'कर्मचारी क्षेम'?

माळढोक
क्षेम सुंदर आहे, योगक्षेमातला. पण मग स्वास्थ्य का नको? स्व अधिक स्थ, स्वतःच्या ठिकाणी स्थिर. शरीर आणि मन दोन्ही आलं.

शेंगाचटणी
सोलापुरात 'स्वस्थ बस की' म्हणजे गप बस. कर्मचारी स्वास्थ्य उपक्रम म्हणून पोरं खरंच बसली तर?

आकडेमोड
शब्द ठरवायच्या आधी वस्तू काय आहे ते बघा. अमेरिकेत एका दुकानसाखळीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली, २०१९ साली निष्कर्ष छापून आले. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही शाखा निवडून तिथेच कार्यक्रम राबवला. दीड वर्षानं व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं सांगणारे वाढले. पण वजन, रक्तदाब, औषधपाण्याचा खर्च, खाडे, कशातच ठळक फरक नाही. मालक खाडे कमी होतील म्हणून पैसे घालतो, तेच होत नसेल तर...

पंचिंगमशीन
दीड वर्षात सगळा फरक दिसत नसतो हो. आणि तिथला विमा वेगळा, इथे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे.

बिडीपान
आमच्या आईला कुठला शब्द लागू? घरी बसून बिड्या वळायची. हजेरीच नाही तर खाडा कुठला आणि पावलं कुठली. तिच्या ट्रंकेत मात्र कार्ड होतं, १९७६ च्या कायद्यातल्या बिडी कामगार कल्याण निधीचं. त्यावर दवाखाना, आम्हाला शिष्यवृत्ती. कल्याण हा शब्द ती कार्डाकडे बोट दाखवून वापरायची. तो शब्द एचआरला जड जातोय म्हणून आपण सोडायचा?

माळढोक
भावना समजली, पण मुद्दा भाषेचा आहे. मूळ इंग्रजी शब्द तसाच ठेवणं ही पळवाट. अशानं दहा वर्षांत मराठीत फक्त क्रियापदं उरतील.

शेंगाचटणी
पगार घेता का तुम्ही? तो पोर्तुगीज आहे. परत करा.

माळढोक
पगार चारशे वर्षांत रुळला. वेलनेस काल आला.

शेंगाचटणी
पगारही कधीतरी कालच आला असेल.

धोटा
लोकहो, कागद उद्या लावायचाय. सध्या 'आरोग्य तपासणी व व्यायाम' एवढंच लिहून देतो, आत जे आहे ते. मॅडम म्हणाल्या फार साधं वाटतंय, भारदस्त काहीतरी द्या.

कुंभारीकर
साधं वाटतंय कारण तेवढंच आहे.

आकडेमोड
अवांतर: वर मी खाडे लिहिलं. आमच्या बार्शीकडे नागा म्हणतात. खाडा फक्त गिरणीतला का?

कुंभारीकर
गिरणीतलाच. हजेरीपटावर खाडाखोड व्हायची, त्यावरून.

माळढोक
काहीतरीच. खंड पडणे, त्यातल्या खंडाचा खाडा. खाडाखोड वेगळी.

बिडीपान
दूधवाला पण खाडा म्हणतो हो, त्याच्याकडे कुठला हजेरीपट?

कुंभारीकर
कॅलेंडरवर फुली मारतोच की.