सात दिवसांची सायकल सहल: नवऱ्याला पुढे कसं पाठवू?

मागचा लाल दिवा

मंडळी, प्रश्न सायकलचा आहे की संसाराचा, ते मलाही नीट कळलेलं नाही. म्हणून इथे टाकतेय.

पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण आठवडाभराच्या सायकल सहलीला निघतोय. मी, नवरा आणि आमच्या दोघांच्या कॉलेजपासूनच्या टोळीतले चौघे. एकूण ४८० किलोमीटर, मध्ये एक दिवस आराम, म्हणजे चालवायचे दिवस सहा आणि दिवसाला सरासरी ८०. सामान ज्याचं त्याच्या सायकलवर, मागून गाडी वगैरे काही नाही. मी ४९ वर्षांची, गेली तीन वर्षं नेमाने चालवतेय. सपाटीवर ८० किलोमीटर होतात. चढ लागला की मात्र माझं काही खरं नसतं.

आता अडचण. सहसा तक्रार असते की नवरा सोडून पुढे निघून जातो. माझा सोडतच नाही! गेल्या वर्षी याच मंडळींबरोबर तीन दिवसांची सहल केली. एकूण एक चढावर हा माझ्या शेजारी. मी धापा टाकतेय, घाम डोळ्यांत जातोय आणि बाजूने आवाज येतोय, "छान चाललंय! हे एवढं वळण झालं की संपलंच." वळण झालं की पुढे आणखी एक वळण. "गिअर बदल." "खांदे सैल सोड." "पाणी पी." त्याला धाप लागत नाही ना, म्हणून बोलणं सुचतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकलवरून उतरले आणि म्हटलं, "आता तू पुढे जा, नाहीतर मी मागे फिरते." गेला नाहीच. पन्नास पावलं मागे राहून येत राहिला. ते तर त्याहून वाईट. दोन पेडल मारायची, थांबायचं, परत दोन मारायची. त्याच्या मागच्या चाकाची ती टिकटिक अख्खा चढभर माझ्या पाठीशी. मी किती हळू चाललेय ते मोजायला यंत्र बसवल्यासारखी.

वर पोचावं तर बाकीचे चौघे खाऊन-पिऊन, हेल्मेट चढवून उभे. मी पाय टेकला की यांचं "चला!"

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. याला न दुखावता पुढे कसं धाडू? माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं आणि मागे ११ ते २८ दात्यांची (५०/३४ आणि ११-२८) आहेत, ती बदलून काही उपयोग होईल का? आणि तिसऱ्या दिवशी मला सीटवर बसवत नव्हतं, मग सहा दिवस कसे काढू?

"शांतपणे बोलून बघा" हा सल्ला कृपया नको. बोलून झालंय. शांतपणेही आणि दुसऱ्या पद्धतीनेही.

वंगण

ताई, गिअरचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. पुढे ३४ आणि मागे २८ हे सामान लादून चढायला जड आहे. मागे ११-३४ बसवा. मग सगळ्यात हलक्या गिअरला पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही बरोबर एक फेरा, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. आत्ताच्या २८ वर तेवढेच फेरे मारायचे तर ताशी ९ ने चढावं लागतं. तेवढी ताकद नसली की फेरे कमी होतात, सगळा जोर गुडघ्यावर येतो आणि दिवस तिथेच संपतो.

तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ३४ दाते झेपवतो का ते मात्र आधी बघून घ्या. त्याचा चेन धरणारा पिंजरा आखूड असेल तर डिरेलरही बदलावा लागेल. चेन नवीन घ्या, जुनी झिजलेली चेन नव्या दात्यांवर उड्या मारते. आणि हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी करू नका. निदान शंभर-दीडशे किलोमीटर चालवून मग निघा.

आता नवरोबा. यावर माझं उत्तर हवेचं आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सपाटीवर ताशी २५ ने चाललात तर तुमची बरीचशी मेहनत निव्वळ हवा कापण्यात जाते. तिथे कुणाच्या मागे एका मीटरवर राहिलात तर चांगली पाव हिस्सा मेहनत वाचते. चढावर ताशी ८ ने जाताना वारा नगण्य असतो, तिथे फक्त वजन ओढायचं असतं. म्हणजे नवरा सपाटीवर उपयोगाचा आणि चढावर निरुपयोगी. हे मी म्हणत नाही, भौतिकशास्त्र म्हणतं. त्याला तसंच सांगा.

वजनावरून आठवलं, तुमचं सामान त्याच्या सायकलवर टाका. समजा तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८३ किलो. त्यातले ७ किलो त्याच्याकडे गेले की तुम्ही ७६. खड्या चढावर तेवढ्याच ताकदीत वेग आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो, आणि तो तेवढाच मंदावतो. अंतर दोन्हीकडून कमी.

दोन चाकं चार पाय

टँडम घ्या. विषय संपला.

आम्ही बारा वर्षं दोघं एकाच सायकलवर आहोत. मी पुढे, ती मागे. कोण पुढे गेलं आणि कोण मागे राहिलं हा प्रश्नच शिल्लक नाही. सपाटीवर आणि उतारावर एकट्यादुकट्याला आम्ही ऐकत नाही, कारण ताकद दोघांची आणि वारा एकालाच लागतो. चढावर मात्र सगळे आम्हाला मागे टाकतात. भांडण झालं तरी दोघं एकाच वेळी मुक्कामी पोचतो, हा फायदा की तोटा ते अजून ठरलेलं नाही.

मागचा लाल दिवा

@दोन चाकं चार पाय, म्हणजे सूचना सहा इंचांवरून ऐकायच्या? नको हो.

@वंगण, हवेचं पटलं. आजच रात्री टाकून बघते. तो इंजिनिअर आहे, आकडे दिसले की विरघळतो.

उशिरा शिकलेली

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, सगळे लाजरे दिसताहेत. मी लिहिते.

पॅड असलेली सायकलची चड्डी आत काहीही न घालता घालायची असते. हे मला पहिली दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. तीन चड्ड्या न्या, एक अंगावर, एक वाळत, एक कोरडी. मुक्कामाला पोचल्यावर आधी ती बदला, गप्पा नंतर. ओल्या चड्डीत तासभर बसणं ऐंशी किलोमीटरपेक्षा महाग पडतं. घासतं तिथे क्रीम सकाळीच लावा, दुखायला लागल्यावर नाही.

सीट मऊ म्हणजे चांगली, हा समज सोडा. बैठकीच्या दोन हाडांना नीट आधार मिळेल एवढी रुंदी हवी. आपल्या बायकांची ती हाडं बहुधा एकमेकांपासून जास्त लांब असतात. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर भार येतो. पुढे टोचत असेल तर सीटचं नाक किंचित खाली करा. किंचितच! जास्त केलंत तर अंग पुढे घसरतं, भार तळव्यांवर जातो आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. मी तेही करून बसलेय, आठवडाभर शर्टाची बटणं लागत नव्हती. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून वीस-तीस फेरे मारा. आणि नवी सीट थेट सहलीला नेऊ नका, आधी महिनाभर बसा तिच्यावर.

नवऱ्याबद्दल मला काही सांगायचं नाही. माझा गाडी चालवतो, सायकल नाही. देवाची कृपा.

टेकडीवर उभा

मी तो नवरा आहे. म्हणजे तुमचा नव्हे, पण त्याच जातकुळीतला. तर माझी बाजू.

आम्ही बोलतो कारण काय करावं ते सुचत नाही. बायको शेजारी दमतेय, आपल्याला दम लागलेला नाही, म्हणजे आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटतं. मग तोंड चालतं. आणि सोडून पुढे गेलो तर वर बसून दर मिनिटाला खाली बघत राहायचं. पडली असेल का? चेन निघाली असेल का? तो अर्धा तास सुखाचा नसतो हो.

आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. एक, मला काम मिळालं. वर जायचं, सावली शोधायची, पुढचा रस्ता बघून ठेवायचा, आणि ती आली की माझी भरलेली बाटली तिला द्यायची. "तू पुढे जा" म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं, काम दिलं की माणूस जातो. दोन, विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस उतरल्यावर सुरू करायचं. त्या क्षणापासून पंधरा मिनिटं, मग बाकीच्यांना कितीही कंटाळा येवो. हे सहलीआधी सगळ्यांसमोर ठरवा, रस्त्यात नाही. रस्त्यात ठरवलं की ते एका माणसासाठी केलेलं वाटतं, आणि कुणासाठी ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि वर आल्यावर तिला "कसं वाटलं?" असं विचारायचं नाही. हे मला तीन सहली झाल्यावर कळलं.

मागचा लाल दिवा

@टेकडीवर उभा, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. "पडली असेल का" ला तो काही बोलला नाही. उठून उगाच माझ्या सायकलची हवा बघायला गेला.

@उशिरा शिकलेली, शिवणीचं आजवर खरंच कुणी सांगितलं नव्हतं. साष्टांग नमस्कार.

मागचा लाल दिवा (सात आठवड्यांनंतर)

परत आलो. धागा वर काढतेय, कारण काहींनी निरोपातून विचारलं.

३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवली. वंगण यांनी म्हटल्याप्रमाणे डिरेलरही बदलावा लागला. चढ सोपे झाले असं म्हणणार नाही, पण एकदाही उतरून ढकलावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी बसवत होतं. पाचव्या दिवशी नव्हतं, पण तेव्हा कुणालाच बसवत नव्हतं, सगळे उभ्याने जेवले.

पंधरा मिनिटांचा नियम घरी बसूनच ठरवला. सगळे हो म्हणाले आणि पहिल्याच चढावर विसरले. मैत्रिणीने मग मोबाइलवर गजर लावायला सुरुवात केली. गंमत म्हणजे चौथ्या दिवसापासून सगळ्यात शेवटी पोचणारी मी नव्हतेच, आमच्यातला एक जण गुडघ्यामुळे मागे पडला. त्याने पहिलं काय विचारलं असेल? "गजर लावला का?"

सपाटीवर नवरा पुढे, मी त्याच्या चाकामागे. खूण ठरवली होती. घंटी एकदा वाजवली की हळू, दोनदा म्हणजे ठीक. चौथ्या दिवशी सकाळपासून वारा तोंडावर. चार तास मला रस्ता असा दिसलाच नाही. दिसत होती ती त्याची डावी पोटरी आणि तिच्यावर सुकलेला चिखलाचा एक ठिपका. जरा उजवीकडे सरकलं की वारा थप्पड मारायचा, परत ठिपक्यामागे आलं की शांत. त्या चार तासांत तो एक शब्द बोलला नाही. त्यालाच धाप लागली होती.

चढावर मात्र तो जायचा. काम दिलं होतं ना. पहिल्या दिवशी दोनदा मागे वळून पाहिलं, नंतर नाही. मी एकटी, माझ्या गतीने, मनात आकडे मोजत. एवढं शांत मला वर्षभरात कुठे वाटलं नव्हतं.

सामानाच्या वाटपात मात्र घोटाळा झाला. जड ते त्याच्याकडे आणि हलकं ते माझ्याकडे, असं करताना दोन्ही जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या माझ्या पिशवीत आल्या. पंप त्याच्याकडे. सहाव्या दिवशी शेवटच्या मोठ्या चढावर तो नेहमीसारखा पुढे गेला. मी वळणावळणाने येतेय, तर माथ्याच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून साहेब बसलेले. मागचं चाक पंक्चर. बाकीचे केव्हाच वर गेलेले आणि फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटं हातात पंप धरून माझी वाट बघत होता.

मी थांबले, ट्यूब आणि पट्ट्या काढून त्याच्या हातात दिल्या, आणि परत सायकलवर बसताना म्हटलं, "छान चाललंय! हे एवढं वळण झालं की संपलंच."