मागचा टायर ९००० किमीतच गोटा झाला, हवा तर नियमित चेक करते, मग चुकतंय कुठे?

रोजची_स्वारी
नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची बाइक आहे, ऑफिसला जाऊन येऊन रोज ३६ किमी होतात आणि दोन्ही वेळेला धाकटी बहीण मागे असते. दहा महिन्यांपूर्वी मागचा टायर नवीन टाकला तो ९००० किमीतच मधोमध पार गुळगुळीत झालाय, कडांना मात्र नवीन टायरला असतात तसे रबराचे बारीक केस अजून आहेत. मैत्रिणीकडे हीच बाइक, हाच टायर, तिचे १५००० झाले आणि अजून नक्षी दिसतेय. मला खरंच कळत नाहीये कारण हवेच्या बाबतीत मी अजिबात हयगय करत नाही, दर पंधरा दिवसांनी चेक करते, स्टिकरवर पुढे २५ मागे २८ लिहिलंय तेवढीच ठेवते, जास्त दिसली तर तिथल्या तिथे काढायला लावते. टायरच्या कडेला मात्र बारीक अक्षरात ४१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं काहीतरी लिहिलंय, मग तेवढी भरायची असते का? आता नवीन टायर घेणार आहे पण हाही असाच वर्षाच्या आत गेला तर काय उपयोग, म्हणून आधी कारण शोधायचंय.

गिअर_पाचवा
मधोमध झिजला म्हणजे हवा जास्त, कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, हा साधा नियम आहे ताई. मागे २८ ऐवजी २५ ठेवून बघा, टायर जास्त रुंद टेकेल आणि सारखा झिजेल.

पाना_बारा_तेरा
ताई थांबा, हवा अजून कमी करू नका. भाऊ म्हणतायत तो नियम चारचाकीचा आहे, तिथे तो बरोबर आहे पण बाइकला जसाच्या तसा लावला की फसायला होतं. चारचाकीचा टायर सपाट पाठीचा, रस्त्यावर पूर्ण रुंदीने टेकतो, म्हणून कुठे झिजला त्यावरून हवा कळते. बाइकच्या टायरची पाठ गोल असते, सरळ चालताना मधली दोन-तीन बोटांची पट्टीच जमिनीला लागते आणि कडा फक्त बाइक वळणात झुकली की कामाला येतात. सरळ रस्त्याने रोज ऑफिसला जाणाऱ्याचा टायर मधोमधच झिजणार, हवा २० असो की ४०. तुमच्या कडांना केस शिल्लक आहेत यावरून एवढंच कळतं की तुम्ही फार झुकत नाही, हवेबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

बघायचं ते त्या सपाट पट्ट्याची रुंदी आणि त्याच्या कडा. हवा जास्त असेल तर पट्टा अरुंद असतो, मधली एक ओळ खाल्ल्यासारखी. हवा कमी असेल आणि वर वजन असेल तर टायर जमिनीवर पसरतो, पट्टा रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना कंगोरा तयार होतो, बोटाने चाचपलं की कळतो, अशी बाइक वळणात घालताना आधी झुकायला नको म्हणते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते.

आता मला चार गोष्टी सांगा. हवा कुठे चेक करता आणि तिथे पोचेपर्यंत बाइक किती चाललेली असते? स्टिकरवर डबल सीटचा वेगळा आकडा आहे का? मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमधे मागचं चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरतं का लगेच अडतं? आणि तो पट्टा रुंद आहे की अरुंद?

रोजची_स्वारी
काका आत्ता खाली जाऊन सगळं बघून आले. पेट्रोल पंपावर चेक करते, घरापासून ८ किमीवर ऑफिसच्या वाटेवर आहे, म्हणजे बहीण मागे असतानाच. बऱ्याचदा ३० किंवा ३१ दाखवतं मग २८ करून घेते. स्टिकरवर दोन रकाने आहेत!! एकट्याला मागे २८ आणि डबल सीटला ३२, मी इतके दिवस पहिलाच रकाना वाचत होते. चाक फिरवलं तर अर्धा फेराही होत नाही, घर्र आवाज करून थांबतं. पट्टा चांगला रुंद आहे, चार बोटं, आणि तुम्ही म्हणता तो कंगोरा दोन्ही बाजूंना लागतोय. वळणात एकदम झुकते हे तर अगदी खरं, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

पाना_बारा_तेरा
तुमचं काही चुकत नव्हतं ताई, टायरचा आकारच बदललाय. आता हिशोब बघा. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, थंड म्हणजे बाइक निदान तीन तास उभी असलेली आणि उन्हात नसलेली. टायर चालला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो, १० डिग्री सेल्सिअस तापला तर आपल्या बाइकच्या टायरमधे साधारण दीड पीएसआय वाढतो. ८ किमी डबल सीट आल्यावर मागचा टायर २०-२५ डिग्री सहज तापलेला असतो, म्हणजे तीन-साडेतीन पीएसआय नुसत्या उष्णतेचे. ते वाढलेले दिसतात म्हणून तुम्ही काढून टाकता, बाइक रात्रभर थंड होते आणि सकाळी टायरमधे २४-२५ च उरतात. आणि हवे होते ३२. सात पीएसआय कमी, वर दोन माणसांचं वजन, रोज.

कमी हवेत टायर का झिजतो तेही सांगतो, नुसता जास्त टेकतो म्हणून एवढंच कारण नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीला टायरचा खालचा भाग दबतो आणि पुन्हा उठतो, हवा कमी तेवढा जास्त दबतो, आतले दोऱ्याचे थर सतत वाकत राहतात, त्यातून टायर तापतो आणि तापलेलं रबर रस्त्यावर भराभर झिजतं. वर टेकलेली पट्टी रुंद असली की तिचा प्रत्येक भाग जमिनीवर किंचित सरकत असतो, ते सरकणं म्हणजेच घासणं. झिजण्यापेक्षाही मला काळजी वाटते ती आतल्या थरांची, फार दिवस असं चाललं की कडेची भिंत आतून कमजोर होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून नवीन टायर बसवताना जुना उतरवला की त्याच्या आत हात फिरवून बघा, काळी रबराची पूड हाताला लागली तर तो टायर हवेशिवाय किती राबलाय ते कळेल.

४१ चं विचारलंत, तो आकडा म्हणजे त्या टायरला जास्तीत जास्त वजन पेलताना चालणारा दाब, टायर कंपनीने टायरपुरता लिहिलेला. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या बाइकना बसतो, तुमच्या बाइकला किती लागतो ते बाइकच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमधे असतं, भरायचं तेच.

आणि चाक अडतंय ते आधी बघून घ्या, मागचा ब्रेक लागलेला राहतोय. पेडलला मॅन्युअलमधे दिलाय तेवढा मोकळा खेळ ठेवा, ड्रम उघडून साफ करा. ब्रेक घासत चाललेली बाइक म्हणजे इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे, त्या भांडणात ड्रम तापतो आणि पेट्रोल वाया जातं.

लांबचा_पल्ला
मी तर मागे ३८ ठेवतो आणि टायर पण टिकतो आणि ॲव्हरेज पण मस्त मिळतं. स्टिकर वगैरे कंपनीवाले आरामासाठी लिहितात. ताई ३८ भरा आणि विसरून जा.

वळणवेडा
मित्रा ॲव्हरेज थोडं वाढतं हे खरंय, टायर कमी दबतो म्हणून बाइक हलकी पळते. पण जमिनीला टेकणारी जागा लहान होते, आणि ब्रेक मारताना किंवा ओल्या रस्त्यावर आपल्याला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं, तेवढीच जागा असते. मी एके काळी असंच जास्त भरून फिरायचो, पावसात सिग्नलच्या आधी रंगवलेल्या पट्ट्यांवर हलकासा मागचा ब्रेक लावला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. पडलो नाही पण त्या दिवसापासून स्टिकरच्या आकड्यापासून एक-दोन पीएसआयच्या वर गेलो नाही. शिवाय मधली ओळ लवकर जाते, खड्ड्यात धक्का सगळा रिमला आणि पाठीला बसतो. टायर टिकवायचा म्हणून तो पकडीच्या बदल्यात टिकवू नका प्लीज, तुमच्या मागे पण कोणीतरी बसत असेल.

ताई तुमच्यासाठी अजून थोडं. एक स्वतःचा गेज घ्या, पंपावरचे दिवसभर आपटले जातात आणि दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो. सकाळी निघायच्या आधी घरीच बघा, एक छोटा पायाचा पंप असला तर अजून चांगलं. आठवड्यातून एकदा बघा, पंधरा दिवस जास्त होतात, चांगल्या टायरमधून पण महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होतात आणि ऋतू बदलला की फरक पडतोच. व्हॉल्व्हची टोपणं कायम लावलेली असू द्या, धूळ गेली की आतली पिन नीट बसत नाही आणि हळूहळू हवा जाते, शंका आली तर साबणाचं पाणी लावा बुडबुडे दिसतील. नवीन टायरबरोबर व्हॉल्व्ह पण नवीनच टाका, जुन्याच्या बुडाशी रबराला चिरा पडलेल्या असतात.

टायर घेताना कडेवर शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. आणि ६२पी असं काही असतं त्यातला ६२ म्हणजे २६५ किलो पेलतो आणि पी म्हणजे १५० किमी वेगापर्यंत, तुमच्या बाइकला सांगितलंय त्याच्यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका. बसवताना बाणाची दिशा चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते स्वतः उभं राहून बघा. पहिले दीड-दोनशे किमी हळू, जोरात ब्रेक नाही आणि एकदम झुकणं नाही, नवीन रबर गुळगुळीत असतं.

गिअर_पाचवा
पाना काका मान्य, माझा सल्ला चुकला, ताईंनी ऐकलं असतं तर अजून वाईट झालं असतं. मी चारचाकीच जास्त चालवतो. एक विचारतो, मग हार्ड कंपाउंडचा टायर घेतला आणि नायट्रोजन भरला तर जास्त टिकेल ना? आणि झिजला हे नक्की कधी म्हणायचं?

पाना_बारा_तेरा
भाऊ मान्य केलंत हे आवडलं, बहुतेक जण तिथेच अडून बसतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, शुद्ध भरला तर दाब थोडा सावकाश उतरतो एवढंच, तो भरलाय म्हणून चेक करायचं सोडलं तर तोटाच. तापला की त्याचाही दाब वाढतो. कंपाउंडचं म्हणाल तर हार्ड टिकतो पण ओल्यात पकड कमी देतो, रोज सरळ रस्ता आणि कधीतरी वळणं असतील तर मधे कडक आणि कडांना मऊ रबर असलेले टायर मिळतात ते बघा, पण तुमच्या मापात मिळतात का ते आधी विचारा.

झिजल्याची खूण टायरवरच असते. कडेला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्या रेषेत नक्षीच्या खाचेत बघितलं तर तळाला एक छोटा उंचवटा दिसतो, बऱ्याच बाइकच्या टायरमधे तो ०.८ मिमीचा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. मी तर पावसाच्या आधी दीड-दोन मिमी उरला की बदलतो, पाणी बाहेर टाकायला खाच उरली नाही तर टायर पाण्यावर तरंगतो.

ताई अजून एक राहिलं, सिग्नलला क्लच एकदम सोडून सुटायची सवय असेल तर ती पण जरा बघा, डबल सीट असताना मागच्या टायरला सगळ्यात जास्त तेच खातं. आणि मागच्या स्प्रिंगला खाचा असतील तर रोज दोघी असता म्हणून एक खाच कडक करून घ्या. चेन ताणली की दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत ना ते बघा, चाक तिरकं बसलं तर टायर एका बाजूने जातो.

रोजची_स्वारी
साडेतीन महिन्यांनी परत आलेय, सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून. गेज घेतला आणि पहिल्याच सकाळी जुन्या टायरमधे २३ निघाले, पंपावर नेऊन त्यांच्या गेजशी लावून बघितलं तर त्यांचा २ जास्त दाखवतो. म्हणजे काकांनी सांगितलं त्याच्यापेक्षाही कमी हवेवर आम्ही दोघी दहा महिने फिरत होतो. टायर उतरवला तेव्हा आत हात फिरवला, बोटं काळी झाली. बहिणीला दाखवलं, ती काही बोलली नाही पण तेव्हापासून रविवारी सकाळी गेज तीच घेऊन खाली जाते.

नवीन टायर बसवला, ब्रेक मोकळा करून घेतला (ड्रममधे बोटभर धूळ होती), मागे थंड असताना ३२, आणि सिग्नलला सुटताना घाई बंद. नवीन असताना खाचेची खोली मोजली होती ७ मिमी, आज ३००० किमी झाले आणि ५.८ आहे. आधीचा टायर याच मापाचा आणि तेवढ्याच खोलीचा होता, त्याचा हिशोब केला तर हजार किमीला जवळजवळ ०.७ मिमी जात होते, आता ०.४. असंच राहिलं तर १५००० च्या आसपास जाईल. वळणात एकदम पडल्यासारखं होतं ते पूर्ण गेलंय, मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झालाय.

एक शंका मात्र आहे, पुढच्या टायरवर एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड टोचते. हे पण हवेचंच का?

वळणवेडा
वा ताई, छान वाटलं वाचून. पुढच्याचं थोडंफार सगळ्यांनाच होतं, ब्रेक लावताना प्रत्येक ठोकळा वाकतो आणि त्याची एक कड जास्त झिजते. पण वाढत असेल तर आधी पुढची हवा, मग फोर्कचं (पुढच्या चाकाच्या शॉकच्या नळ्यांचं) तेल किती जुनं आहे ते बघा, तेल पातळ झालं की चाक उसळत चालतं आणि खळगे पडत जातात. चाक बॅलन्स केलेलं आहे का तेही विचारा. फोर्कचं तेल शेवटचं कधी बदललं होतं?

रोजची_स्वारी
कधीच नाही, बाइक घेतल्यापासून तेच आहे, २८००० झाले. या शनिवारी करून घेते आणि सांगते.