स्पेनमधल्या सेव्हिलची सेमाना सान्ता (ईस्टरआधीचा पवित्र आठवडा), मार्च २०२७: बेत तपासून द्याल का?

कॉलेजरोडकर:
नाशिकहून आम्ही चौघं. आई ६८, बाबा ७२, आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात. ईस्टर २८ मार्चला, म्हणजे मिरवणुका २१ पासून. बेत असा: गुरुवारी २५ ला संध्याकाळी माद्रिदहून रेल्वेने सेव्हिल, हॉटेल कॅथीड्रलच्या दारात, रात्रभराची मिरवणूक, शुक्रवारी अल्काझार राजवाडा, रविवारी सकाळी परत. आई अंडंही खात नाही. काय चुकतंय?

गोदाकाठ:
पोचायची वेळ आणि हॉटेल, दोन्ही.

येशू-मेरीच्या मूर्ती घेऊन साठेक मंडळं (तिकडे ‘एर्मांदाद’ म्हणतात) आठवडाभर एकाच अधिकृत मार्गाने कॅथीड्रलकडे जातात: ला कांपाना, सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक, मग कॅथीड्रलसमोरचा कोन्स्तितुसिओन रस्ता. दुतर्फा भाड्याच्या खुर्च्या असतात, त्याही बहुतेक वर्षानुवर्षांच्या वर्गणीदारांकडे. हा मार्ग भरला की जुन्या शहराचे दोन तुकडे होतात. टॅक्सी आत येत नाही, ट्रॅमही आधीच्याच थांब्यावर थांबते. विसर्जनाच्या संध्याकाळी मेनरोडवरून चाकांची बॅग ओढत निघा, म्हणजे अंदाज येईल.

हॉटेल नेर्व्हिओन किंवा सान बेर्नार्दो भागात घ्या. सान्ता हुस्ता स्टेशनवरून सेर्कानियास लोकलने सान बेर्नार्दोला उतरायचं, तिथे मेट्रोची लाइन १ मिळते. मेट्रो जमिनीखालून जाते, त्यामुळे मिरवणुकीत अडकत नाही. पुएर्ता दे हेरेसला उतरलं की कॅथीड्रल चालत जवळ. आणि शनिवारी २० लाच पोचा.

आता वेळापत्रक, कारण नवखा माणूस इथेच फसतो. एखाद्या चौकापुढे छापलेली वेळ बहुधा ‘क्रुस दे गिआ’ची, म्हणजे अगदी पुढच्या क्रुसाची असते. त्यामागे टोकदार टोप्यांचे नासारेनो, म्हणजे मंडळाचे सभासद, चालतात. माकारेना या मंडळाचे तर तीन हजारांवर. मग येशूचा ‘पासो’ (मूर्तीची चौकट) आणि सगळ्यात शेवटी छत्राखालची मेरी. मोठ्या मंडळात क्रूस गेल्यावर मेरी यायला तासाहून जास्त लागतो. त्यात हा काही आपल्या रामरथासारखा दोरांनी ओढायचा प्रकार नाही. पासोच्या पडद्याआड कोस्तालेरो तो मानेवर पेलतात, दम घ्यायला मध्येमध्ये खाली ठेवतात, मुकादमाने ठोका दिला की पुन्हा उचलतात. म्हणून रात्र चढत जाते तसा उशीर वाढत जातो. क्रूस दिसला म्हणून तेव्हापासून बाबांना उभं ठेवू नका.

त्र्यंबकनाका:
शुक्रवारचा अल्काझार खोडा. गुड फ्रायडेला तो बंद असतो. कॅथीड्रलही गुरुवार-शुक्रवार पर्यटकांसाठी बंद धरूनच चाला. दोन्ही आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी उरका. मिरवणुका बहुतेक दुपारनंतर निघतात.

आणखी एक. २८ च्या पहाटे २ वाजता तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात. भारताशी फरक साडेचारवरून साडेतीन तासांवर येतो आणि तुमच्या झोपेतला तास जातो. गजर मोबाइलवरच लावा.

कॉलेजरोडकर:
म्हणजे आईबाबांनी रात्रभराची मिरवणूक सोडायची?

गोदाकाठ:
रात्र सोडा, मिरवणूक सोडू नका. त्या रात्री सहा मंडळं निघतात: एल सिलेन्सिओ, ग्रान पोदेर, माकारेना, एल काल्व्हारिओ, एस्पेरान्सा दे त्रिआना, लोस हितानोस. यातली माकारेना आणि त्रिआना शुक्रवारी दुपारपर्यंत परततच असतात. रात्री झोपा, सकाळी नाश्ता करून नदीकडे या. त्रिआनाची मेरी इसाबेल पुलावरून घरी जाते. माकारेनाच्या दाराशी मात्र जाऊ नका, तिथे पाय ठेवायला जागा नसते. जागरण तुम्ही दोघंच करा. एल सिलेन्सिओ वाद्यांच्या गजराशिवाय जाते, त्यामुळे कुजबुजसुद्धा खटकते.

बाबांसाठी रविवारी २१ ची दुपार सगळ्यात सोयीची. ला पास हे पांढऱ्या पोशाखाचं मंडळ मारीया लुईसा बागेतून जातं. तिथे जागा मोकळी, सावली आणि बाकं आहेत. घडीच्या खुर्चीवर विसंबू नका, गर्दीच्या गल्ल्यांत त्यांना मनाई असते.

रांग ओलांडायची वेळ आली तर नासारेनोंमध्ये फट पडेपर्यंत थांबा, काठीवाल्या कार्यकर्त्याकडे बघून पटकन पार व्हा. पासोच्या पुढून कधीच नाही. बूट खरबरीत तळाचे हवेत, कारण मेणबत्त्यांचं मेण रस्त्यावर सांडून फरशी गुळगुळीत होते.

पंचवटी_शाकाहारी:
आईंसाठी एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे पालक-छोले. उपासकाळातला पदार्थ, जवळपास सगळीकडे मिळतो. साल्मोरेहो (टोमॅटोचं गार दाट सार) मागताना ‘सिन हामोन, सिन उएव्हो’ म्हणा, नाहीतर वर डुकराचं मांस आणि अंडं भुरभुरून येईल. या आठवड्याची प्रसिद्ध मिठाई तोर्रिहास अंड्यात बुडवून तळतात, ती टाळा. गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तेव्हा फळं-दही बुधवारीच आणून ठेवा.

त्र्यंबकनाका:
व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे सप्टेंबर २०२६. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रावर स्वतः जावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोंचा. रद्द करता येणारंच हॉटेल घ्या.

गोदाकाठ:
पावसाचं राहिलं. मूर्ती लाकडी आहेत, ग्रान पोदेरची तर १६२० मधली, हुआन दे मेसाने कोरलेली. त्यामुळे शिंतोडे दिसले तरी मंडळ आधी अर्धा-एक तास मागून घेतं, मग रद्द करतं. २०२४ मध्ये गुरुवार रात्रीची सहाच्या सहा मंडळं निघालीच नाहीत. बदल ‘एल यामादोर’ या रेडिओ कार्यक्रमावर लगेच कळतात, त्यांचं ॲप घेऊन ठेवा.

कॉलेजरोडकर:
तिकीट २० चं करतो. रंगपंचमी त्याच आठवड्यात येते, म्हणजे रहाड (रंग खेळायचा हौद) हुकणार.